एका रेणूतून वीज जाते, मग चाकणची लाइन चिपसाठी का थांबते?

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन बातम्या मागेपुढे आल्या.

पहिली स्वीडनहून. ७ ऑक्टोबरला भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस या तिघांना जाहीर झालं. हातात मावेल एवढ्या विजेच्या सर्किटमध्येही क्वांटम टनेलिंग घडतं, हे त्यांनी १९८४-८५ च्या सुमारास दाखवलं होतं.

दुसरी नेदरलँड्सहून. तिथल्या सरकारने ३० सप्टेंबरला नेक्सपिरिया नावाच्या चिप कंपनीच्या कारभारावर नियंत्रण आणलं. कंपनी डच, पण मालक चिनी. ४ ऑक्टोबरला चीनने आपल्याकडच्या नेक्सपिरियाच्या कारखान्यातून होणारी निर्यात अडवली. महिना संपायच्या आत होंडाला मेक्सिकोतला कारखाना थांबवावा लागला आणि जर्मनीत फोक्सवॅगनने उत्पादनाला धोका असल्याचं सांगितलं.

सोशल मीडियावर या दोन बातम्यांची मस्त भेळ झाली. 'आता एका रेणूची चिप येणार', 'सिलिकॉनचा खेळ खल्लास', आणि त्यावर आपल्याकडची फोडणी म्हणजे 'मग फॅब गुजरातला गेली तरी काय बिघडलं?' चाकण, महाळुंगे, भोसरी, तळेगावच्या पट्ट्यात ज्यांचं घर कारखान्यावर चालतं त्यांच्यासाठी हा नुसता वाद नाही. पोराला डिप्लोमा कशात करायला लावायचा, वर्कशॉपसाठी कर्ज काढून कुठलं मशीन घ्यायचं, असे निर्णय लोक अशाच माहितीवर घेतात. म्हणून ही भेळ जरा निवडून पाहू.

नेक्सपिरिया असं काय बनवते?

एआयची चिप नाही, मोबाइलचा प्रोसेसर नाही. नेक्सपिरिया बनवते डायोड, ट्रान्झिस्टर, मॉस्फेट. म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, चालू-बंद करणारं बटण, असले अगदी मूलभूत सुटे भाग. वर्षाला १०० अब्जांहून जास्त. यातल्या बऱ्याच भागांची एकेक किंमत कटिंग चहापेक्षा कमी असते. पण हेडलाइट, काच वरखाली करणारी मोटर, एअरबॅग, बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सगळीकडे हे लागतात.

आणि अडलं कुठे तर पॅकेजिंगमध्ये. सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे वेफर, जर्मनीतल्या हॅम्बुर्गला आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरला बनतात. पण त्या कापून, तारा जोडून, काळ्या प्लास्टिकच्या डबीत बसवण्याचं बहुतेक काम चीनमधल्या डोंगुआनला होतं. तो एक दरवाजा बंद झाला आणि युरोप-अमेरिकेतल्या वाहन कंपन्यांची धावाधाव सुरू झाली. १९ नोव्हेंबरला डच सरकारने आपला आदेश स्थगित केला, पण तोवर सगळ्या जगाला कळून चुकलं होतं की लाखोंची गाडी एखाद्या रुपयाच्या भागासाठी अडू शकते.

चाकणला हे नवीन नव्हतं. सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्राने जाहीर केलं होतं की चिपच्या टंचाईमुळे त्या महिन्यात आपल्या वाहन कारखान्यांत साधारण ७ दिवस उत्पादन होणार नाही आणि उत्पादन २० ते २५ टक्क्यांनी घटेल. चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ७०० च्या काही मॉडेल्ससाठी तेव्हा वर्षाहून जास्त थांबावं लागत होतं. लाइन थांबली की कायम कामगाराचा पगार बहुधा चालू राहतो. हजेरी बुडते ती कंत्राटी पोराची. मग व्हेंडरचा माल पडून राहतो, टेम्पो उभा राहतो, खानावळीतली ताटं कमी होतात. तेव्हाही कमी पडत होत्या त्या बऱ्याचशा जुन्या पद्धतीच्या, मोठ्या आकाराच्या चिप. कारण गाडीत त्याच लागतात.

मग तळेगावचा प्रकल्प?

थोडक्यात सांगायचं तर, वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येईल अशी चर्चा होती. १३ सप्टेंबर २०२२ ला त्याचा करार गुजरात सरकारशी झाला आणि महाराष्ट्रात मोठं राजकारण पेटलं. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. ज्या फॅबवरून भांडलो ती कुठेच उभी राहिली नाही. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली ती टाटांच्या धोलेरातल्या फॅबला. तैवानच्या पीएसएमसीसोबतचा हा प्रकल्प ९१ हजार कोटींचा आहे आणि तिथे २८ ते ११० नॅनोमीटर गटातल्या चिप बनवायच्या आहेत. गाडीला लागतात त्यातल्या बऱ्याच चिप याच गटातल्या.

हे आकडे लक्षात ठेवा. कारण आता आपण जिथे जाणार आहोत तिथे सगळा कारभार एका नॅनोमीटरच्या आत चालतो.

एका रेणूतून वीज म्हणजे नेमकं काय?

भोसरीतल्या चांगल्या वर्कशॉपमध्ये जॉबचा टॉलरन्स १० मायक्रॉन सांगितला तर कुणी घाबरत नाही. आता बेंझीनच्या दोन टोकांना गंधकाचा एकेक अणू लावलेला एक रेणू घ्या. त्याची लांबी साधारण ०.८ नॅनोमीटर. त्या १० मायक्रॉनमध्ये असे बारा हजारांच्या आसपास रेणू एका ओळीत मावतील. त्यातल्या एकाच रेणूच्या दोन टोकांना तार जोडायची आणि किती वीज जाते ते मोजायचं.

हे अशक्य वाटतं, पण करतात. अमेरिकेतल्या मार्क रीड, जेम्स टूर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हाच रेणू सोन्याच्या दोन टोकांमध्ये बसवून मोजमाप प्रसिद्ध केलं. पुढे २००३ मध्ये ॲरिझोनातल्या शू आणि ताओ यांनी आणखी सोपी रीत दिली. सोन्याची टोकदार सुई सोन्याच्या पृष्ठभागावर हलकेच टेकवायची आणि मागे ओढायची. ओढताना मध्ये सोन्याची तार बारीक होत जाते, गुळाच्या पाकासारखी. शेवटी तिथे सोन्याचा फक्त एक अणू उरतो. तोही तुटला की पडलेल्या फटीत आजूबाजूच्या द्रावणातला एखादा रेणू दोन्हीकडे गंधकाचे हुक अडकवून बसतो. पुन्हा ओढलं की तोही सुटतो. हे सगळं हजारो वेळा करायचं आणि आलेख काढायचा.

त्या आलेखात जे दिसतं ते बारावीच्या पुस्तकात बसत नाही. वीज हळूहळू कमी होत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते. सोन्याचा एकच अणू उरतो तेव्हा रेझिस्टन्स सुमारे १२,९०० ओहम येतो. हा आकडा ठरतो तो इलेक्ट्रॉनच्या भारावरून आणि प्लांकच्या स्थिरांकावरून. सोनं किती कॅरेटचं, तार किती जाड, याला तिथे फारसं महत्त्व नाही. हॉलमार्कचा काही उपयोग नाही म्हणा ना.

रेणू बसला की गोष्ट आणखी बदलते. तारेत इलेक्ट्रॉन जातात ते तळेगाव चौकातल्या संध्याकाळच्या गाड्यांसारखे, धडकत, थांबत, तापत. रेणू इतका आखूड असतो की इलेक्ट्रॉनला आत धडकायला वेळच मिळत नाही. पण समोर ऊर्जेचा डोंगर असतो. खंबाटकी घाट चढण्याइतकं डिझेल नसलेला ट्रक अलीकडेच थांबेल. इलेक्ट्रॉन मात्र लाटेसारखाही वागतो, आणि लाटेचं शेपूट डोंगरापलीकडे थोडंसं पोचतं. म्हणून काही इलेक्ट्रॉन पलीकडे उगवतात. यालाच टनेलिंग म्हणतात. बोगदा मात्र कुणी खणलेला नसतो.

'थोडंसं' हा शब्द इथे महत्त्वाचा. साध्या तारेची लांबी दुप्पट केली तर रेझिस्टन्स दुप्पट होतो, हा ओहमचा हिशेब. कार्बनच्या साध्या साखळीत मात्र एकच कार्बन वाढवला की वीज जवळपास एक तृतीयांश होते. पाच कार्बन वाढवले की साधारण दीडशेपट कमी.

उष्णतेचं आणखी वेगळं. मिशिगन विद्यापीठात प्रमोद रेड्डी आणि एडगर मेहोफर यांच्या गटाने २०१९ मध्ये एकाच रेणूतून जाणारी उष्णता मोजून दाखवली. तशाच कार्बन साखळीत लांबी वाढवली तरी उष्णतेचं वहन जवळपास तेवढंच राहिलं. वीज झपाट्याने घटते, उष्णता घटत नाही, तेही त्याच धाग्यातून! इलेक्ट्रिक गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये अर्धी लढाई उष्णता बाहेर काढण्याची असते, त्यामुळे असल्या मोजमापाकडे मटेरियलवाल्यांचं लक्ष असतं.

मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो वाटांचा. बेंझीन म्हणजे सहा कार्बनचं कडं. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना तारा जोडल्या तर इलेक्ट्रॉनच्या लाटेला दोन्ही बाजूंनी सारखीच वाट मिळते, तीन-तीन टप्प्यांची. दोन्हीकडून आलेल्या लाटा एकमेकींना साथ देतात. आता एक तार एकच कोपरा सरकवा. एका बाजूने दोन टप्पे, दुसऱ्या बाजूने चार. लाटा पोचतात त्या उलट्या तालात आणि एकमेकींना मारतात. तोच रेणू, तेच अणू, पण वीज कितीतरी पट कमी. रिंगरोडच्या दोन्ही बाजू मोकळ्या असूनही एकही गाडी पलीकडे पोचू नये, तसं हे आहे. उलटंही घडतं. कोलंबिया विद्यापीठात लता वेंकटरमण यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की एकाच रेणूत दोन समांतर वाटा ठेवल्या तर वीज दुपटीपेक्षा जास्त जाऊ शकते. घरच्या वायरिंगमध्ये हे कधी होणार नाही.

मग अशी चिप बनवत का नाहीत?

आता डायोडकडे परत येऊ. नेक्सपिरियाचा जो भाग मिळेना म्हणून गाड्या अडल्या, तोच भाग एका रेणूचा करता येईल ही कल्पना अमेरिकेतल्या एरी अविराम आणि मार्क रॅटनर यांनी १९७४ मध्ये मांडली. रेणूच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, दुसऱ्या टोकाला घेणारा, मध्ये अडसर. वीज एकाच दिशेने जाईल. या विषयाची सुरुवातच मुळी डायोडपासून झाली. पण पन्नास वर्षं उलटूनही असा डायोड दुकानात मिळत नाही.

२०१५ मध्ये वेंकटरमण यांच्याच गटाने एका रेणूचा बरा चालणारा डायोड दाखवला. सुलट्या दिशेने उलट्या दिशेच्या २०० पटींहून जास्त वीज जाते, हा तेव्हा विक्रम होता. साध्या सिलिकॉन डायोडमध्ये हाच फरक लाखो पटींचा असतो.

मूळ अडचण भरवशाची आहे. रेणू स्वतः अगदी एकसारखे असतात, जगातलं कुठलंही मशीन इतके सारखे भाग काढू शकत नाही. पण तो रेणू सोन्याला नेमका कुठल्या कोनात, कुठल्या अणूला अडकतो हे दर वेळी बदलतं. म्हणून हजारो मोजमापांचा आलेख काढावा लागतो. सुरुवातीच्या वर्षांत तर एकाच रेणूसाठी वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेकडो पटींनी वेगळे यायचे. शिवाय साध्या तापमानाला हा जोड बहुतेकदा क्षणभरच टिकतो. आणि गाडीची चिप? ती उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअसमध्ये चालली पाहिजे, चाकणच्या खड्ड्यांचे हादरे सोसून, दहा-पंधरा वर्षं. असा माल इन्स्पेक्शनवाला गेटवरूनच परत पाठवेल.

घाईचे परिणामही या क्षेत्राने भोगलेत. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये यान हेंड्रिक शॉन याने एका रेणूचा ट्रान्झिस्टर केल्याचा दावा केला, जगभर वाहवा झाली. सप्टेंबर २००२ मध्ये चौकशी समितीने २४ आरोपांपैकी १६ मध्ये आकडे बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. 'एका रेणूची चिप आली हो' अशी रील पुढे पाठवण्याआधी हे आठवायला हरकत नाही.

जाता जाता, '२ नॅनोमीटर चिप' हे बाजारातलं नाव आहे. त्या चिपमध्ये शेजारशेजारच्या दोन ट्रान्झिस्टरमधलं अंतर ४० नॅनोमीटरहून जास्त असतं. त्यामुळे 'चिप आता रेणूएवढी झालीच' हेही खरं नाही.

क्वांटम तर आधीच गाडीत बसलंय

इथे मात्र रीलवाल्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. टनेलिंग भविष्यात येणार नाही, ते आलेलं आहे, फक्त प्रोसेसरच्या दारातून नाही आलं.

तुमच्या मोबाइलमधली मेमरी घ्या. फ्लॅश मेमरीत माहिती साठते ती इलेक्ट्रॉनला पातळ थरातून टनेलिंगने पलीकडे ढकलून. गाडीच्या इंजिनाचा मेंदू म्हणतात त्या ईसीयूमध्येही हीच मेमरी असते. स्टीअरिंग किती अंश फिरलं, मोटरचा अक्ष नेमका कुठे आहे, हे सांगणारे नव्या पिढीचे काही सेन्सर तर सरळ टनेलिंगवरच चालतात. चुंबकीय धातूच्या दोन पातळ थरांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा साधारण एक नॅनोमीटरचा थर असतो. चुंबक फिरला की त्या थरातून टनेलिंगने जाणारी वीज कमीजास्त होते आणि त्यावरून कोन कळतो. हाच परिणाम पूर्वीपासून हार्ड डिस्क वाचायला वापरला गेलाय.

एक नॅनोमीटर म्हणजे वरच्या रेणूएवढीच जाडी. फरक एवढाच की इथे एकट्यादुकट्या रेणूवर भिस्त नाही. अख्खा थर आहे, म्हणून तो टिकतो आणि कोटींच्या संख्येने बनतो.

रेणूंच्या बाबतीतही वाट तिकडेच वळताना दिसते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीतोष गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात रेणूंच्या पातळ थराचा मेमरी-भाग प्रसिद्ध केला. साधी मेमरी दोनच स्थिती ओळखते, चालू किंवा बंद. या थराच्या सुमारे १६,५०० वेगवेगळ्या स्थिती ठेवता येतात. एआयचं गणित कमी विजेत करायला हे उपयोगी पडेल अशी त्यांची अपेक्षा आहे. लक्षात घ्या, इथेही थर आहे, एक रेणू नाही. एका रेणूवरचे प्रयोग कशासाठी, याचं उत्तरही यातच आहे. अशा थरात आत नेमकं काय होतं ते एकट्या रेणूवर नीट कळतं. इंजिन समजायला एकच सिलिंडर उघडून पाहावा, तसं.

पुण्याच्या आसपास यातलं काय आहे?

वाटतं त्यापेक्षा जास्त. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंतसाठी. त्यातल्या चार केंद्रांपैकी मोजमाप आणि सेन्सरचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. पाषाणच्या आयसर पुण्यात क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब त्याआधीपासून आहे. मिशनने पहिल्या फेरीत निवडलेल्या आठ स्टार्टअपमध्ये पुण्याची क्यूप्रयोग आहे, ती अतिअचूक घड्याळांवर काम करते. त्याच यादीत आयआयटी मुंबईतली डिमिरा आहे, आणि तिचं काम ऐकून भोसरीतल्या कुणाच्याही भुवया उंचावतील. ती केबल बनवते. अतिथंड तापमानात चालणारी, क्वांटम मशीनला लागणारी केबल. शेवटी कुणीतरी केबल, चेंबर, स्टँड, नटबोल्ट बनवावेच लागतात.

चिपशी सरळ नातं असलेलं काम म्हणजे टीसीएस आणि आयआयटी मुंबईने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला प्रकल्प. हिऱ्यातल्या सूक्ष्म दोषांचा सेन्सर करून चिपच्या आत वीज कुठून वाहते ते बाहेरून, चिप न फोडता बघायचं. बिघाड कुठे आहे ते त्यावरून कळावं.

माझं मत सांगायचं तर, या पट्ट्याने रेणूच्या चिपची वाट बघत बसण्यात अर्थ नाही आणि हातातून गेलेल्या फॅबचं रडगाणं गाण्यातही नाही. ऑक्टोबरमध्ये अडलं ते पॅकेजिंग आणि टेस्टिंग, आणि हे काम शॉपफ्लोअरच्या शिस्तीला जवळचं आहे. त्याला फॅबइतकं भांडवल लागत नाही, स्वच्छ खोली, अचूक मशीन आणि दर लॉट तपासायची सवय लागते. दुसरी जागा मोजमापाच्या यंत्रांची. एका रेणूतली वीज मोजणाऱ्या यंत्राला अणूच्या व्यासाहून कमी हालचाल करणारं टोक लागतं, हादरे गिळणारं टेबल लागतं, निर्वात चेंबर लागतो. यातली सुई आणि इलेक्ट्रॉनिक्स अवघड आहेत, मान्य. पण टेबल आणि चेंबर म्हणजे मशिनिंग, वेल्डिंग आणि हादऱ्यांचं गणित. ज्या भागात प्रेस शॉपच्या शेजारी बसवलेलं सीएमएम हादऱ्यांपासून कसं वाचवायचं हे रोजचं काम आहे, तिथे हे अगदीच परकं नाही.

पोराला काय शिकवायचं या प्रश्नाचं उत्तरही त्याच दिशेला आहे. 'क्वांटम' नाव लावलेल्या तीन महिन्यांच्या महागड्या कोर्सपेक्षा इन्स्ट्रुमेंटेशन, मेट्रॉलॉजी, व्हॅक्यूम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स यांचं पक्कं शिक्षण घेतलेला मुलगा किंवा मुलगी धोलेराला गेली, पाषाणला गेली किंवा चाकणलाच राहिली, तरी कामाला लागेल. आणि असा कोर्स विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा, 'लॅबमध्ये स्वतः हाताने काय मोजायला मिळेल?'